कंसाबाहेरचा आकडा

लॅबमध्ये दोन गोष्टी न सांगता साठत जातात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकात मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या केमिकल कंपनीत केमिस्ट होतो. कंपनीने नियम काढला, हेल्परला ऑपरेटर व्हायचं असेल तर तोंडी परीक्षा. अमोनियमच्या कुठल्याही संयुगाचं सूत्र दाखवणार, त्यात अणू किती ते सांगायचं. संधी तीनच. शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फर्स्ट शिफ्ट सुटली की कॅन्टीनमध्ये माझा क्लास. खरं सांगतो, नोकरीतले माझे सगळ्यात मजेचे दिवस ते.

*

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, हायड्रोजन हा सगळ्यात लहान अणू. मग फळ्यावर NH₄Cl लिहिलं. उत्तर सहा. कांबळी म्हणाला, चार.

"कसे रे?"

"नायट्रोजन एक, क्लोरीन एक. हायड्रोजन चार, पण लहान ना? हाफ तिकीट. दोन धरले."

त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते, हे मला नंतर कळलं.

*

पुढचं सूत्र NH₄NO₃. उत्तर नऊ. ठाकुर्लीच्या पवारने आठ सांगितले. नायट्रोजन त्याने एकदाच धरलेला.

"अरे, दोनदा लिहिलाय ना?"

"सर, माझंपण नाव दोन रेशनकार्डांवर आहे. एक गावाला, एक इथे. माणूस एकच."

रेशनिंग इन्स्पेक्टरसमोर हे बोलू नकोस, एवढंच सांगितलं.

*

कंस आला आणि वर्गात दोन पार्ट्या पडल्या. (NH₄)₂SO₄. कंसाबाहेरचा दोन फक्त कंसातल्यांना लागू, बाकीच्यांना नाही. अर्ध्या वर्गाने तो दोन सोडूनच दिला, उत्तर दहा. उरलेल्यांनी सरसकट सगळ्यांचीच दुप्पट केली, उत्तर वीस. आवाज चढले. शेवटी युनियनचा सावंत उठला.

"हे बघा, तुम्ही पाच वाढवा, तुम्ही पाच सोडा. पंधरावर सेटलमेंट."

दोन्ही बाजू कबूल. आणि उत्तर पंधराच की हो! मी मुकाट्याने फळा पुसला.

*

राहिले म्हात्रे. पन्नाशीचे, कोळीवाड्यातले, वीस वर्षं हेल्पर. दोनदा नापास झालेले, ही शेवटची संधी. हुकली तर रिटायर होईपर्यंत गोणीच उचलायच्या. परीक्षेला मी मॅनेजरसाहेबांच्या शेजारी बसलेलो आणि घाम मलाच फुटलेला.

साहेबांनी सूत्र सरकवलं, (NH₄)₃PO₄. म्हात्र्यांनी कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "वीस."

साहेबांनी आपल्या उत्तरांच्या कागदात बघितलं. "चूक. अठरा."

उत्तर वीसच होतं, चूक कागदात होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हात्र्यांनी टेबलावरचा टाचण्या-क्लिपांचा डबा उपडा केला.

"नाय साहेब, वीसच. बायको बाजारात मच्छीचे वाटे लावते ना, तसे लावतो. एका वाट्याला एक क्लिप, चार टाचण्या. असे तीन वाटे. झाले पंधरा. वरती हा एक फॉस्फरस, हे चार ऑक्सिजन."

साहेबांनी बोटाने मोजलं. परत मोजलं.

"वीस. बरोबर आहे, म्हात्रे. पास. पुढच्याला पाठवा."

म्हात्रे जागचे हलले नाहीत.

"साहेब, आधी ते अठरा खोडा. बाहेर अजून चौघं बसलेत."