आम्स्टरडॅम ते प्राग: निनादच्या घरापर्यंत

बाबा नाशिकला एकटेच राहतात. या वसंतात ते पहिल्यांदा माझ्याकडे, आम्स्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला आले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, की ट्यूलिप वगैरे राहू दे, त्यांना प्रागला जायचंय. माझा धाकटा भाऊ निनाद तिथे तीन वर्षं नोकरी करत होता. गेल्या वर्षी ऑफिसमध्येच त्याचं हृदय बंद पडलं. प्रागहून त्याला शेवटचं नाशिकला मीच घेऊन गेलो होतो. बाबांनी प्राग पाहिलंच नव्हतं.

जाणाऱ्यांच्या माहितीसाठी: हवाई अंतर सातशे किलोमीटरच्या थोडं वर, उड्डाण जेमतेम दीड तासाचं. डीमनहून स्किपोल विमानतळ ट्रेनने वीसेक मिनिटं. इथला शेंगेन व्हिसा तिकडेही चालतो. आईवडील बरोबर असतील तर त्यांचा पासपोर्ट मात्र विसरू नका.

विमानात कॉफी संपते न संपते तोच उतरायची घोषणा झाली. बाबांनी घड्याळ पाहिलं.

"एवढंच?"

"हो."

"तो होता तेव्हा तू किती वेळा आलास?"

"एकदाही नाही."

पुढे ट्रॉलीबस, मग मेट्रो. दोन्हींना एकच तिकीट चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनादच्या घरमालकीणबाईंकडे गेलो. मी आधी ईमेल केला होता. त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं, म्हणून त्यांनी आम्हाला खाली स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवलं. बटाट्याचं दाट सूप आणि राय नावाच्या धान्याचा काळसर पाव दिला. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण निनादबद्दल बरंच बोलल्या. जिना स्वच्छ ठेवायचा, कुंड्यांना पाणी घालायचा. राहायला आल्यावर महिन्याभरातच त्याने एक जादा गादी स्वतः उचलून वर नेली होती. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाला होता, आम्स्टरडॅमहून भाऊ येणार आहे.

बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. मला भाषांतर करावं लागलं नाही.

दुपारी जुन्या दगडी पुलावर गेलो. तिथे फार गर्दी असते, शांतता हवी असेल तर सकाळी सातच्या आत जा. आम्ही खाली नदीकाठच्या बाकावर बसलो. बाबांनी विचारलं, तुला तेव्हा कामं असायची का.

"नाही, बाबा. दीड तासाचं तर अंतर, कधीही जाता येईल असं वाटायचं."



"माझ्या व्हिसाचा फॉर्म तो भरून पाठवायचा," बाबा म्हणाले. "दोनदा पाठवला. मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात बघू. रिटायर होऊन चार वर्षं झालीत मला. घरीच तर होतो."

मी त्यांचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचो, त्यानंतर तो कधी धरला नव्हता.

प्रागचा प्रसिद्ध किल्ला आम्ही पाहिला नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी परत आलो आणि दोन आठवड्यांनी बाबा नाशिकला गेले.

आता ते दर रविवारी फोन करतात. बोलणं दहा मिनिटांत संपतं, पण फोन कुणीच ठेवत नाही. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी होते, माझ्याकडे खालून ट्राम जाते, आणि आम्ही दोघं ऐकत बसतो.