दिखाव्याची दांडी

खांबकाकांना पडणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. त्यांची सगळी हयात विजेच्या खांबांवर गेलेली. वादळात, अंधारात, ओल्याचिंब शिडीवरून हा वायरमन वर चढला आणि दर वेळी आपल्या पायांनी खाली आला. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तोरा तोच. जणू गुरुत्वाकर्षण त्यांची परवानगी घेऊनच कामाला लागत होतं.

खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर बाथरूममध्ये घसरून खुबा मोडून बसले, तेव्हा सगळी इमारत हळहळली. काका तेवढे हसले. विचारपूस करायच्या निमित्ताने मोडलेला माणूस डोळे भरून बघून आले आणि बायकोला म्हणाले, "सपाट जमिनीवर पडला! अगं, पडायलासुद्धा उंची लागते. खांबावरून पडला असता तर सलाम ठोकला असता मी."

बायको भाजी निवडत होती. तिने नुसतं "हं" केलं. तिच्या अशा "हं"चा अर्थ विचारायची सवय काकांना कधीच नव्हती.

हेडमास्तरांची बातमी लेकीच्या कानावर गेली आणि पुढच्या सुट्टीत ती पिशवी भरून हजर झाली. आल्या आल्या तिने घराची झडती घेतली. सतरंजीचा वर वळलेला कोपरा बघितला. ज्या स्टुलावर चढून बाबा बल्ब बदलतात, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, तीही बघितली. वायरमनच्याच घरात, हॉलच्या मधोमध, टीव्हीची वायर आडवी पसरलेली होती.

"बाबा, ही वायर!"

"ती आहे हे मला माहितीय ना? मग झालं तर."

"आणि आईला?"

"तिलाही माहितीय. रोज ओलांडते."

लेकीने कपाळाला हात लावला. पिशवीतून रबरी चटई निघाली, पॅसेजमध्ये लावायचा छोटा दिवा निघाला आणि शेवटी स्टीलची एक जाड दांडी. बाथरूमच्या भिंतीला लावायची, उठताबसताना धरायला. उद्या प्लंबर येऊन बसवून जाईल, असंही तिने सांगून टाकलं.

झालं! काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी जिवंत असताना माझ्या भिंतीला भोक पाडायला परका माणूस? दे इकडे."

लेक खूश होऊन आपल्या घरी गेली. काका दांडी घेऊन बाथरूममध्ये शिरले, बोटाने भिंतीवरची फरशी वाजवली. फरशी पोकळ वाजली. म्हणजे नीट काम करायचं तर फरशी काढा, मागे सिमेंटचा माल भरा, लांब स्क्रू आणा, असा सगळा घाट. आणि तो कशासाठी? लेकीचं तोंड बंद करायला! धरणार कोण होतं ती दांडी? या घरात म्हातारं होतंच कोण? काकांनी आपल्या जुन्या डब्यातून वायरिंगच्या पट्टीला मारतात तसले नखाएवढे स्क्रू काढले, चार ठिकाणी पिळले, वरून पांढरं सिमेंट फासलं. दांडी झकास दिसत होती. आयुष्यभर दुसऱ्यांची कच्ची जोडणी पाहून शिव्या घालणाऱ्या माणसाने ही कलाकुसर केली आणि तो शीळ घालत बाहेर आला. दांडीवर त्यांनी आपला पंचा वाळत घातला. दांडीचा उपयोग त्यांच्या मते तेवढाच.

काही दिवस गेले. एके दिवशी सकाळी चहा पिताना बायको आपणहून म्हणाली, "दांडी फार बरी बसवलीत हो."

"हात कुणाचा आहे!" काका फुगले.

"मी मागे एकदा पडले होते तिथे. तेव्हा कंबर धरलीय म्हणाले होते ना, ते तेच. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लागलं त्यापेक्षा जास्त लागलं असतं." तिने कप उचलला. "तेव्हापासून आंघोळीची धास्तीच घेतली होती मी. इतके दिवस नुसता हात टेकवत होते, आजपासून सगळा भार दांडीवर टाकणार. म्हटलं, तुम्ही बसवलीय, म्हणजे काळजी नाही."

काकांनी कप खाली ठेवला. सांगून टाकायचं होतं ते तेव्हाच. पण तोंड उघडलं असतं तर शेखी कुठे ठेवायची? दुपारी स्क्रू आणू, फरशी काढू, तिला कळायच्या आत सगळं पक्कं करू, असा बेत करत त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पाणी पडायला लागलं. काकांना वर्तमानपत्रातली एक ओळ दिसेना. ते उठले, स्वतःच्याच वायरीत अडखळले, भिंत धरत दारापाशी पोचले आणि दार बडवायला लागले.

"दांडी धरू नकोस! ऐकतेस का? दांडी सोड!"

पाणी थांबलं. "का?"

"खोटी आहे ती. दिखाव्याला लावलीय मी. निघेल हातात."

आतून बायकोने विचारलं, "मग काय धरू?"

तिच्या डोळ्यांत साबण होता, पायांखाली फेस होता. खांबांवर चढून अख्खी वस्ती उजळवणारा माणूस बंद दाराला कान लावून उभा राहिला. ती नळ धरून, मग भिंतीला हात टेकत कडीपर्यंत आली. दार उघडलं. काकांनी तिला चौकट धरायला लावली आणि तिला गुंडाळायला दांडीवरचा पंचा काढायला स्वतः आत पाऊल टाकलं. फेसावरून पाय सटकला. आणि जन्मभर कुणाचा आधार न घेणाऱ्या त्या हाताने, न विचारता, दांडी धरली.

दांडी सिमेंटसकट हातात आली. काका सपाट जमिनीवर पडले.

मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती उंचीवरून पडलात?"

शिडी म्हणता आलं असतं, स्टूल म्हणता आलं असतं. बायको शेजारीच उभी होती.

"उभा होतो," काका म्हणाले.

लेक प्लंबरला घेऊन आली. तो फरशी काढून, माल भरून, लांब स्क्रू मारून दांडी बसवून गेला. लेकीने आईला हाक मारली, "आई, ये, धरून बघ."

बायको बाथरूमच्या दारातच थांबली. तिने प्लॅस्टरमधल्या नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजपासून आधी तुम्ही आंघोळ करायची," ती म्हणाली. "दांडी धरून. तुम्ही धड बाहेर आलात, की मी जाईन."