मॅडम जेवायला गेल्यात

नागपूरच्या आमच्या मेडिकलच्या दुकानातून मी कित्येक वर्षं जेवायला गेलेले होते. म्हणजे होते टेक्ससमध्ये, अर्विंगला. पण औषध खात्याचा इन्स्पेक्टर दुकानात आला आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या माझ्या सर्टिफिकेटकडे बघून त्यानं विचारलं, की फार्मासिस्ट मॅडम कुठे आहेत, तर बाबा सांगायचे, मॅडम जेवायला गेल्यात. तो सकाळी येवो नाहीतर दिवेलागणीला, मॅडम आपल्या जेवतच. मग त्याच्यासाठी चहा यायचा आणि तो वहीत सही ठोकून पुढच्या दुकानात जायचा. त्याला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, समोरच्या पानवाल्यालासुद्धा माहीत होतं.

यात आमचं काही जगावेगळं नव्हतं. सर्टिफिकेट दुकानात आणि माणूस भलतीकडेच, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांची सर्टिफिकेटं त्यांनी कधी पायही न ठेवलेल्या दुकानांत टांगलेली होती, भाड्यानं. माझं निदान बापाच्या दुकानात होतं. बाबांनी अर्धी हयात दुसऱ्याच्या काउंटरवर उभं राहून औषधं दिली. स्वतःचं दुकान काढायचं तर फार्मसीचं शिक्षण लागतं, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. मी बी.फार्म. झाले त्या वर्षी त्यांनी वस्तीतल्या विहाराजवळ एक गाळा घेतला, माझं सर्टिफिकेट काचेत घालून लावलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, की दुकान पोरीचं आहे, मी आपला नुसता बसतो. पुढं माझं लग्न झालं, नवऱ्याच्या मागोमाग मी इकडे आले. फ्रेम तिथेच राहिली. ती उतरवायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

इथे मी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केल्यासारखी परीक्षांना बसले, इंटर्नशिपचे तास भरले, आणि पोस्टानं औषधं पाठवणाऱ्या एका कंपनीत लागले. एअरपोर्टजवळची बिल्डिंग, बाहेरून बघाल तर गोदाम. आत सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येतात, मशीन गोळ्या मोजतं, आम्ही तपासतो, पाकीट बंद होतं, ट्रक घेऊन जातो. पेशंट नावाचा प्राणी तिथे कधी दिसत नाही. दिसतात फक्त पत्ते.

तीन वर्षांनी मला फार्मासिस्ट-इन-चार्ज केलं. म्हणजे काही चुकलं तर जिची मान आधी धरायची, ती. बाबांनी फोनवर ते ऐकलं आणि दुकानात पेढे वाटले. पेढे संपायच्या आत माझ्या लक्षात आलं, की या खुर्चीत औषधं कमी आणि लायसन्सं जास्त. कारण औषध ज्या राज्यात जायचं, त्या राज्याचीही परवानगी लागते. टेक्ससची एकटी पुरत नाही. आणि प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाला बोटांचे ठसे त्याच्याच कार्डावर हवेत, शाईचे. दुसऱ्याला फोटोवर आडवी सही. तिसरं म्हणतं, बाटलीच्या लेबलवर पेशंटला फुकट फोन करता येईल असा नंबर छापा, आणि तो उचलायला कोण बसतं तेही कळवा. एकीकडे रिन्यूअल जूनमध्ये, एकीकडे माझ्या वाढदिवसाच्या महिन्यात. कहर म्हणजे, एका राज्यानं काही कारणानं झापलं, की उरलेल्या सगळ्यांना ते आपणच आपल्या हातानं कळवायचं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, केला नवरा एक आणि सासवा पन्नास.

सतत हात धुऊन आणि अल्कोहोल चोळून माझ्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. ठसे परत यायचे, वाचता येत नाहीत म्हणून. मग पुन्हा पोलीस स्टेशन, पुन्हा शाई, पुन्हा तो ऑफिसर माझा हात धरून एकेक बोट लोळवणार. त्या वर्षांतला थकवा मला आठवतो तो असा, नखांत शाई घेऊन पोळ्या लाटायचा.

नियम वेडगळ होते असं मात्र मी म्हणणार नाही. कुठल्याशा दूरच्या गोदामातून एका म्हाताऱ्या माणसाच्या दारात हृदयाच्या गोळ्या येऊन पडतात. कुणीतरी विचारायलाच हवं ना, की बाई, तू कोण, कुठली, आणि खरंच तिथे बसतेस का.

त्या सुमारास घरातली तऱ्हाही धड नव्हती. माझा नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. कंपनीनं माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर व्हिसाही. आता तो माझ्या व्हिसावर होता, म्हणजे देशात राहू शकत होता, पण काम करू शकत नव्हता. दिवसभर घरी बसायचा, वरण-भात छान करायला शिकला होता आणि लहानसहान गोष्टींवरून चिडायचा. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज माझ्या या खुर्चीवरूनच भरलेला. खुर्ची गेली की दोघांचंही बिऱ्हाड उचललं जाणार, हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो इतकंच.

आणि मग ते एक राज्य आलं. दक्षिणेकडचं, नाव नको. त्यांचं म्हणणं, नुसतं कंपनीला लायसन्स देऊन भागत नाही, इन-चार्ज बाईनं स्वतः आमचं लायसन्स घ्यावं. हेही नवीन नव्हतं, अशी काही राज्यं मी आधी पार पाडली होती. पण यांच्या अर्जात एक प्रश्न होता, जो बाकी कुणी विचारला नव्हता. जगात कुठेही, कुठल्याही देशात तुमच्या नावावर फार्मसीची नोंदणी असेल तर ती सांगा, आणि तिच्यावर आज कुठल्या दुकानात काम चालतं तेही सांगा. नोटरीसमोर शपथेवर. शिवाय जिथे नोंदणी आहे तिथल्या फार्मसी परिषदेनं तेच परस्पर लिहून कळवायचं. मी इथे परीक्षेला बसले तेव्हा एवढंच विचारलं होतं, की नोंदणी आहे का. होती. विषय संपला होता.

कागदावरचं खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं, की मी रोज सकाळपासून रात्रीपर्यंत नागपूरला विहाराजवळच्या दुकानात बसते, सध्या जेवायला गेले आहे.

आमची मॅनेजर टेक्ससचीच, उंच, गोड बोलणारी बाई. तिनं मला जवळ बसवून सांगितलं, की या राज्यातून खूप ऑर्डर येणार आहेत, महिन्याभरात अर्ज गेला नाही तर ज्याच्याकडे तिथलं लायसन्स आहे अशा दुसऱ्या कुणाला खुर्चीत बसवावं लागेल. इतक्या प्रेमानं सांगितलं, की मी तिला थँक यू म्हणून बाहेर आले.

नवरा म्हणाला, "नॉट इन यूज लिहून टाक ना यार. नागपूरला कोण बघायला जातंय?"

माझं डोकंच फिरलं. परिषद पत्र पाठवणार आणि त्यात दुकानाचा पत्ता असणार, हे त्याला चार वेळा सांगून झालं होतं. आणि ते नसतं तरी, नोटरीसमोर हात वर करून खोटं बोलायचं माझ्यानं होणार नव्हतं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कागदांतलं खोटं शोधायचा पगार घेत होते. बरंच बोलले मी त्याला, नको तेही बोलले. तो उठून किचनमध्ये गेला आणि भांडी घासत बसला. भांडी आधीच घासलेली होती.

मार्ग एकच होता. दुकानाच्या परवान्यावरून माझं नाव काढायचं. नाव काढलं, की बाबांना दुसऱ्या कुणाचं तरी सर्टिफिकेट आणावं लागणार, नाहीतर शटर ओढावं लागणार. इकडे आमचं बिऱ्हाड, तिकडे बाबांचं दुकान. किती दिवस मी त्या राज्याचा अर्ज पर्समध्ये घालून ऑफिसला नेत होते आणि तसाच घरी आणत होते. त्याच्या घड्या पडून कोपरे काळे झाले.

शेवटी एका रविवारी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडला आणि फोन लावला. नागपूरला संध्याकाळ होती, बाबा दुकानातच होते. मी आडून आडून सुरुवात केली, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. मधेच गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला तापाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्या असं बजावलं, सुटे पैसे परत केले. मी सातासमुद्रापलीकडे रिसीव्हर धरून ते सगळं ऐकत होते.

मग ते म्हणाले, "तुले पाहिजे तं घेऊन टाक ना, बेटा. तुयंच आहे ते."

बस, इतकंच. मी म्हटलं, वर्ध्याचा एक बी.फार्म. झालेला मुलगा आहे, त्याचं सर्टिफिकेट भाड्यानं मिळेल, निदान दुकान तरी चालू राहील. ते म्हणाले, पाहू.

मनातून मला वाटत होतं, की आपल्याकडची सरकारी कामं, वर्षभर कागद हलणार नाही आणि माझ्या हातून काही घडल्याचं पाप लागणार नाही. पण औषध खातं आणि ती परिषद, दोन्ही आयुष्यात पहिल्यांदाच झटपट हलली. दोन-तीन आठवड्यांत नाव निघालं. मी बँकेतल्या नोटरीबाईसमोर उजवा हात वर केला, शपथ घेतली आणि लिहिलं, की भारतातल्या माझ्या नोंदणीवर कुठेही काम चालत नाही. ते आता अगदी खरं होतं.

वर्ध्याचा मुलगा दोनदा दुकानात येऊन गेला म्हणे. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. आईनं मला सांगितलं, की ते म्हणतात, परक्याचं नाव टांगून मी काय बसू तिथं. माल डिस्ट्रिब्युटरला परत केला, कपाटं विकली, गाळा सोडला. तिथे आता मोबाइलचं रिचार्ज मिळतं. मला बाबांचा राग आला. चांगला चालता धंदा, आणि हा कसला हट्ट, असं मी आईला फाडफाड बोलले. आई म्हणाली, मले काऊन बोलतेस, त्याईलेच बोल. मी फोन ठेवून दिला.

त्या राज्याचं लायसन्स आलं. मॅनेजरनं ब्रेकरूममध्ये केक आणला. निळ्या क्रीमचा, ते क्रीम मी कागदी डिशच्या कडेला सारलं. लॉबीत आमच्या लायसन्सांची भिंत आहे, तिथे ते माझ्या हातानंच लावलं.

पुढच्या उन्हाळ्यात, २००७ साली, आई-बाबा आमच्याकडे आले. नवऱ्याला तोवर पुन्हा नोकरी लागली होती, घरात थोडी हवा खेळत होती. बाबांना मात्र दिवस खायला उठायचा. सकाळी देशी ग्रोसरीपर्यंत पायी जाऊन यायचे, तिथल्या दुकानदार काकांशी हिंदीत गप्पा मारायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. इतकी वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस, त्यांना नुसतं बसता येत नव्हतं. एका शनिवारी म्हणाले, तुयं दुकान दाखव.

आत गोदामात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. म्हणून मी त्यांना लॉबीतच आणलं. त्यांनी चष्मा पुसला, हात मागे बांधले आणि त्या भिंतीपुढे उभे राहिले. एकेक फ्रेम वाचत गेले. इंग्रजी सावकाश वाचतात ते, पण माझं नाव त्यांना बरोबर सापडायचं. तिथे बोट न टेकवता नुसतं धरायचे आणि पुढे सरकायचे.

"ह्या सगळ्या राज्याइमधी जाऊन आली तू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एकदोन सोडली तर कुठेच नाही. ते हसले. म्हणाले, म्हणजे इथंही तसंच हाय. मी समजावून सांगितलं, की तसंच नाही बाबा, मी इथे खरोखर बसते, तिथल्या पेशंटनं फोन केला तर मी नाहीतर माझ्या हाताखालचं कुणीतरी उचलतं. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलेलं होतं, चेहऱ्यावरून कळत होतं.

"अन् जेवायले?"

"जेवायला कुठे जात नाही. डेस्कवरच डबा खाते."

ते परत भिंतीकडे वळले. सिक्युरिटीचा माणूस आमच्याकडे बघून ओळखीचं हसला, मी पण हसले.

मग भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "मी त्या इन्स्पेक्टरले खोटं नव्हतो सांगत, बेटा. मले खरंच वाटे, जेवून येशील."

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं, गाडीची सीट चटका देत होती. मी एसी लावला, त्यांचा सीटबेल्ट लावून दिला. त्यांना तो कधीच जमला नाही.

"चला बाबा," मी म्हटलं, "आई जेवायची थांबली असेल."