हल्याला सांगितलेलं

माझ्या संसारातल्या कितीतरी गोष्टी नवऱ्याच्या आधी आमच्या हल्याला कळत. हल्या म्हणजे रेडा, आमच्याकडे नांगराला आणि गाडीला तोच. त्याला कळायचं कारण असं, की माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिला शिवायचं नाही, तिच्यासोबत एका सावलीत बसायचं नाही. मग सांगायचं ते हल्याला सांगायचं आणि मी ऐकायचं. "हल्या, आज वरणात मीठ लय झालं गा," म्हणाले, की हल्या कान हलवायचा आणि मी चुलीपुढे जीभ चावायची.

मालगुजारी होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात तलाव आटला, की मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, गाळ काढायचं काम काढायचा. भासरे कुदळीनं खणायचे, मी टोपलीनं माती वाहायची आणि नवरा गाडी भरून ती धानाच्या बांधीत, आमच्या भाताच्या खाचरात, टाकून यायचा. नागझिऱ्याच्या डोंगराकडून असा काही वारा सुटायचा, की डोळ्यांतलं पाणीही गरम वाटायचं. घरून निघताना आंबील प्यायची, कमरेला कांदा खोचायचा, पाण्यानं भरलेला भोपळ्याचा तुंबा सोबत घ्यायचा. उन्हाशी लढायला आमच्याकडे एवढंच होतं. त्या साली मला पहिल्यांदा दिवस गेले होते. लेकराला ऊन लागेल या धास्तीनं मी सारखी पदर ओला करून पोटावर धरायची.

आमच्या वाट्याच्या कामाजवळ तलावाच्या पाळीवर, काठच्या मातीच्या भरावावर, मोहाचं एकच झाड होतं. मुकादम भर दुपारी थोडी सुट्टी द्यायचा, तीही तोंड वाकडं करून. पहिल्या दिवशी भासरे झाडाखाली टेकले. मी रितीप्रमाणे उन्हात उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. ते उठले, कुदळ उचलली आणि तळात उतरले.

"हल्या, काऊन उन्हात उभा राहून राहिला? जाय सावलीत."

हल्या तेव्हा उरल्यासुरल्या चिखलात मान टाकून मजेत पडला होता.

मग हे रोजचंच झालं. सुट्टी झाली की भासरे खणत राहायचे आणि मी सावलीत बसायची. बसायची कसली, जळत बसायची. खाली भर उन्हात त्यांची वाकलेली पाठ दिसायची. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दादा आयकते का कोनाचं?" त्याच्या भोळेपणाचा मला भारी राग यायचा. शेवटी मीच धीर केला. हल्याजवळ गेले, पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "हल्या, तुम्ही बसा ना सावलीत. माह्यं काही नाही."

रेड्याला अहोजाहो करणारी आमच्या गावात मी पहिलीच असेन. भासऱ्यांची कुदळ थांबली. मग हल्याकडे न पाहताच म्हणाले, "हल्या, जिद्द कायले करतं? पोटात लेकरू आहे ना तुह्या?"

मी पदरात तोंड घालून हसले, आणि लगेच मला रडू आलं. माझ्या बापानंही माझी इतकी काळजी केली नव्हती.

त्यानंतर काहीच दिवसांनी ते झालं. नवरा गाडी घेऊन बांधीकडे गेला होता, बाकीची माणसं तलावाच्या पलीकडच्या काठाला पांगली होती. मी वरून, मोहाखालून पाहत होते. भासऱ्यांच्या पाठीवरचा घाम वाळलेला दिसला. कुदळ एकदा खाली आली, दुसऱ्यांदा वर गेलीच नाही, आणि ते तोंडावर पडले.

मी ओरडत खाली उतरले. रीत कुठे राहिली कोण जाणे. काखेत हात घालून त्यांना ओढत पाळीवर आणलं. अंग नुसतं फणफणत होतं. तुंबाभर पाणी डोक्यावर ओतलं, दगडानं कांदा ठेचून तळपायांना चोळला, पदरानं वारा घातला. डोकं मांडीवर घेऊन बसले. माझ्या लेकराच्या सावलीपायी हा माणूस जातो की काय, एवढंच मनात होतं. "उठा जी, उठा," मी सरळ त्यांच्याशीच बोलत होते, तेही मोठ्यानं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. मांडी कोणाची ते कळलं असावं, कारण त्यांनी लगेच मिटून घेतले. मग मान थोडी वळवून चिखलाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. दुसरीकडे पाहिलं, तिथेही नाही. बोलायचं तर होतं आणि हल्या गाडीला जुंपलेला, बांधीत.

ओठ सुकून फुटले होते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "माय, लेकरू बरं आहे ना?"

"बरं आहे जी," मी म्हणाले.

दोनचार दिवस खाटेवर पडून ते पुन्हा कामावर आले. दुपारी मोहाखालीच बसले, बुंध्याच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून. मी अलीकडे बसले. मुकादम पाहून हसला, बाया कुजबुजल्या. "हल्या," ते म्हणाले, "झाड मोठं आहे गा. दोघायले पुरते."

पुढे जन्मभर ते हल्याशीच बोलले. तो मेला, तर त्याच्यामागून आलेल्या हल्याशी. पोरगी झाली तेव्हाही गोठ्यात जाऊन त्यालाच विचारलं, कोनासारखी दिसते म्हणून. मला कधी वाईट वाटलं नाही. सरळ बोलायची गरज पडली, तेव्हा ते बोलले होते.