नसलेली तूर

माझा मोठा भाऊ चित्रकार. मानोऱ्याला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला, पण त्याचं खरं काम एकच: इंझोरीजवळचं एक उताराचं शेत रंगवणं. शेत आमचं नाही. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो समोरच्या बांधावर बाभळीखाली बसायचा. तेव्हा सोयाबीन पिवळं पडलेलं असतं आणि मधले तुरीचे हिरवे पट्टे लांबून उठून दिसतात. कधी सोयाबीनच्या सहा ओळींवर तूर, कधी चार ओळींवर. पट्टे मोजायचं काम माझं. मी शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आकडा सांगायचो. चित्रात तेवढेच पट्टे उतरायचे. झालं की चित्र माझ्यापुढे ठेवून म्हणायचा, "मोजून घे." सव्वीस चित्रांत एकदाही चूक निघाली नाही.

दोन वर्षांपासून त्याची नजर अधू झाली आहे असं मी ठरवून टाकलं होतं. चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर दोन बोटं येईल असा ठेवायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की, "मले सारं दिसून राह्यलं." मोटारसायकलवर त्याला नेणं-आणणं माझ्याकडे होतं आणि मला त्याचा कंटाळा आला होता, हेही लिहायला हवं.

यंदा त्या शेतात तूर नव्हतीच. नुसतं सोयाबीन. मी नेहमीसारखा चालून आलो आणि म्हणालो, "दादा, आठ ओळींवर तूर हाये. अकरा पट्टे."

त्याने शेताकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"अकरा?"

"अकरा."

नऊ दिवसांत चित्र झालं. मी तेव्हाही गप्प राहिलो. वाशीमच्या एका कॉलेजच्या सभागृहासाठी चित्र बघायला दोन माणसं येणार होती. आपलं एक तरी चित्र चार लोकांच्या नजरेसमोर लागावं, एवढंच त्याने आयुष्यात मागितलं होतं. परक्यांसमोर उघडा पडला की डोळे तपासायला नाही म्हणणार नाही, असं माझं गणित होतं.

माणसं आली. चित्र त्यांना आवडलं, भिंतीचं मापही सांगून झालं. तेव्हा मी फोनमधला शेताचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

"यात तूर कुठं हाये ते दाखवा."

एकाने फोटो पाहिला, चित्र पाहिलं. "काय सर, तूर घरून पेरून नेली होती का?"

दुसरा हसला. "मग उन्हात कायले बसता? घरीच काढत जा ना."

चहा अर्धा ठेवून ते गेले. चित्र घरीच राहिलं.

पुढच्या आठवड्यात तो मुकाट्याने डॉक्टरकडे आला. मोतीबिंदूची नुसती सुरुवात होती. लांबचं चांगलं दिसत होतं. कप तर ते लग्नापासून असाच ठेवतात, वहिनी म्हणाली.

घरी आल्यावर मी विचारलं, "मग तुले दिसलं नाही का, तूर नव्हती ते?"

"दिसलं ना."

"मग काहून काढली?"

"तू चालून आला होता. तू कदी चुकला का?"

त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"मोजून घे."

मी मोजले. अकरा होते.