नकाशात मंगळवार नाई

मंडळी, आज नगरपंचायतीत आमच्या व्यापारी संकुलाच्या नूतनीकरणाची सुनावणी होती. तिथं माझं शिवणकामाचं दुकान आहे, म्हणून मीही गेली.

नकाशात संकुलाचा नवा रस्ता मागच्या "रिकाम्या जागेतून" काढलाय. तिथं तर दर मंगळवारी आठवडी बाजार भरतो. मी विचारलं, तर मोजणीवाले साहेब म्हणाले, "आम्ही मोजणीला गुरुवारी गेलो होतो. तेव्हा तिथे कोणीच नव्हतं."

रस्ता मलेही पाहिजे. पण माझं गिऱ्हाईक बाजारातूनच येते.

बाहेर त्याच बाजारात बसणारी पोंभुर्ण्याकडची भाजीवाली शांताबाई भेटली. खुशीत म्हणाली, "बाई, रस्ता होऊन राह्यला म्हणते. आता माल आणाले सोपं जाईन."

रस्ता तिच्याच बसायच्या जागेवरून जाते, हे तिले माहीतच नाई. हरकतीचा अर्ज मी कोराच घरी आणला. त्यात काय लिहू, सांगा बरं.