सिस्टर फुटपाथवरून उतरत नसत

आमच्या गल्लीत नवी गाडी आली की पेढ्यांचा पहिला बॉक्स सिस्टरांकडे जायचा आणि तिथेच फजिती व्हायची. सिस्टर पेढा हातात घेत, गाडीचा रंग विचारत, तोंडभरून कौतुक करत आणि पेढा तोंडाशी नेता नेता थांबून म्हणत, "ठेवशीन कोठी?" घराच्या आत जागा आहे असं उत्तर मिळालं तर पेढा तोंडात. "दारासमोरच, रस्त्यावर," असं उत्तर आलं तर पेढा परत बॉक्समध्ये. "गोड असन, पन माह्या घशाखाली नाई उतरनार," असं म्हणून त्या शांतपणे पाणी विचारत. माणूस बाहेर येऊन चार घरांत सांगत सुटायचा, म्हातारी जळते म्हणून. जळायचं काय कारण होतं त्यांना? मुलगा अमेरिकेत होता, मनात आणलं असतं तर दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या असत्या. पण कोणी खरं विचारलं की त्याच्यावर जळकेपणाचा शिक्का मारून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी सोय आहे.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. माहेर चांदूर रेल्वेचं, नर्सिंग अमरावतीत, आणि नोकरीची सगळी वर्षं अकोल्यात. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जगात आली, त्यांत मीही. "तू रडेच ना. उलटा धरून चापट मारली तवा कोठी तुहा आवाज फुटला," हे त्यांनी माझ्या लग्नात, माझ्या सासऱ्यांसमोर सांगून टाकलं होतं. यजमान लवकर गेले, घरात त्या एकट्या. रोज सकाळी सहाला पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी. घरापासून विहारापर्यंत चालत जायचं, वंदना करायची, येताना भाजी घ्यायची. "पाय चालून राहिले तोवर मी कोनाची मिंधी नाई," असं त्या म्हणत. मुलगा दर वर्षी अमेरिकेला चल म्हणून गळ घालायचा आणि त्या दर वर्षी टाळायच्या. "एकदा पडले ना, का नेते मले तो उचलून. म्हनून पडाचंच नाई."

काही वर्षांपूर्वी आमचा रस्ता रुंद झाला. कडुनिंब गेले आणि दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉकचे फुटपाथ आले. झाडांसाठी सिस्टर हळहळल्या, पण फुटपाथ पाहून खूशही झाल्या. "पाह्य, माह्यासाठी बांधला!" पंधरा दिवस तो त्यांचा होता. मग एकेक गाडी वर चढायला लागली. पार्किंगची छान सोय झाली, असं आमचे लोक खरोखरच म्हणत होते! ज्या जागेवर माणसानं चालायचं ती जागा रिकामी दिसली की आपल्या जिवाला चैन पडत नाही. आपल्या फाटकासमोर कुंड्या, दगड, साखळ्या मांडायच्या, 'गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' अशी पाटी लावायची, आणि आपली गाडी मात्र शेजाऱ्याच्या भिंतीला घासून उभी करायची. या शहाणपणाला काय म्हणावं?

सिस्टरांचा उपाय साधा होता. फुटपाथवर गाडी आडवी आली की त्या खाली उतरत नसत. गाडीच्या मागे उभ्या राहत आणि मालक येईपर्यंत थांबत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, क्वचित अर्धा तास. मालक आला की वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढणाऱ्या आवाजात विचारत, "तुही गाडी हाये का? काढ. मले जायाचं हाये."

"बाजूनं जा ना आजी, एवढा रस्ता पडला आहे," असं एक तरुण म्हणाला होता.

"तो गाडीचा हाये. हा माहा हाये. तू माह्या रस्त्यावर काहून आला?"

तो पोरगा ओशाळून गाडी काढून गेला. सगळेच ओशाळायचे नाहीत. एकानं तर काच वर करून गाणं मोठं केलं. सिस्टर उभ्याच.

एकदा त्या फुटपाथ मोकळा करा असा अर्ज घेऊन महापालिकेच्या हापिसात गेल्या, सोबत मी होतो. साहेबानं अर्ज न वाचताच, अगदी आपुलकीनं सांगितलं, "बाई, या वयात कशाला चालता? रिक्षा करत जा." सिस्टरांनी साडी टाचेपासून बोटभर उचलली आणि बूट दाखवले. "पाय दिसून राहिले ना माहे? मंग रिक्षा कायले?" साहेब हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्या हसण्यानं. माणसाला स्वतःच्या पायांनी विहारापर्यंत जायचं आहे, याचं हापिसात हसू होतं!

मुलाची नोकरी आधी जपानात होती. सिस्टर तिकडे तीन महिने राहिल्या होत्या. पेढ्याचा प्रश्न त्यांनी तिथूनच आणलेला. गाडी घेण्याआधी ती ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा कागद तिकडे लागतो, हे मुलानं सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. भाषा येत नसताना त्या एकट्या पिशवी घेऊन भाजीला जायच्या. मग मुलगा अमेरिकेला गेला आणि त्या तिथेही जाऊन आल्या. मला वाटलं, आता अमेरिकेचं कौतुक ऐकावं लागणार. पण त्या चिडूनच परतल्या. "खिडकीतून दुकान दिसे. अथून त्या कोपऱ्याएवढं. पन जायाले वाटच नाई! सा पदरी रस्ता, मंग गाड्या ठेवाचं मैदान, मंग दुकान. एक दिवस निघाले मी गवतातून, त एका बाईनं गाडी थांबवून विचारलं का तुमी हरवल्या का. चालनारं मानूस म्हन्जे हरवलेलं मानूस, असं हाये तठी." आणि मग आमच्या रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आपल्याले जपान नाई दिसत. आपल्याले अमेरिकाच पाह्यजे."

पुढच्याच वर्षी मी गाडी घेतली. आमच्या अंगणात गाडी राहिली असती, पण तिथे मी शटर लावून शिवणकामाच्या दुकानाला जागा भाड्यानं दिली होती. पेढे घेऊन गेलो. "ठेवशीन कोठी?"

"दारातच, सिस्टर."

"दाराच्या आत का बाहीर?"

"आत," मी म्हणालो. त्यांनी पेढा खाल्ला. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. आठ दिवस मी गाडी अंगणात उरलेल्या जागेत, दुकानासमोर तिरपी कोंबली, नंतर दुकानदार कुरकुरू लागला आणि गाडी फुटपाथवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर तिच्यामागे उभ्या. मी धावत जाऊन गाडी काढली, त्या गेल्यावर परत लावली. असं रोज व्हायला लागलं. सिस्टर रागावल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं.

बुद्धपौर्णिमेची सकाळ होती. वैशाखाचं ऊन सातलाच चटके देत होतं. मी दाढी करत होतो. खिडकीतून दिसलं, सिस्टर हातात पांढरी फुलं घेऊन माझ्या गाडीमागे उभ्या होत्या. त्यांनी दोनदा हाक मारली. मला ऐकू आली. मी मनात म्हणालो, दाढी आटपू दे, त्यांना थांबायची सवय आहे. हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. विहारात पौर्णिमेची साडेसातची मोठी वंदना सुरू व्हायची वेळ झाली होती. त्या कधी नव्हे ते खाली उतरल्या, गाडीला वळसा घालायला गेल्या आणि मागून आलेल्या मोटरसायकलचं हँडल त्यांच्या पिशवीत अडकलं. मोटरसायकलवाला थांबलाही नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. चौथ्या दिवशी मुलगा आला. कशी पडलीस म्हणून त्यानं माझ्यासमोरच विचारलं.

"पाय घसरला," सिस्टर म्हणाल्या.

तो औषधं आणायला गेल्यावर मी रडायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तुह्यावर उपकार म्हनून नाई सांगितलं. सांगितलं असतं त तो तुह्याशी भांडला असता, अन् गल्ली म्हनली असती का ह्या दोघाईचं भांडन हाये. हे दोघाईचं भांडन नोहे."

मी त्याच दिवशी गाडी हलवली. दहा मिनिटं चालत जावं लागेल अशा एका मोकळ्या प्लॉटवर ठेवली. सिस्टरांचं अमेरिकेला जाणं मात्र ठरून गेलं. मुलाचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. एकटी आई, मोडलेलं हाड आणि आमच्यासारखे शेजारी!

निघायच्या दिवशी नागपूरला नेणारी टॅक्सी दारापर्यंत येऊ शकली नाही. दोन्ही बाजूंना गाड्या. टॅक्सी कोपऱ्यावर उभी राहिली. मुलानं चाकाची खुर्ची आणली होती, ती सिस्टरांनी हातानं दूर सारली. "माह्या गल्लीतून मी चालत जाईन." फुटपाथवर वॉकर मावत नव्हता. म्हणून त्या भर रस्त्यातून निघाल्या, पांढरी साडी, तेच बूट, एक पाऊल आणि एक श्वास. ऐंशीएक पावलांचं अंतर असेल. मागे गाड्या साचल्या, हॉर्न सुरू झाले. एक जण फारच वाजवत होता. सिस्टर वॉकरसकट सावकाश मागे वळल्या.

"दम धर, बाप्पा. मी चालून राहिले."

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी काच खाली करून मला जवळ बोलावलं. "गाडी काढली ना तूनं?"

"काढली, सिस्टर."

"अन् तठी आता कोनाची हाये?"

मी मागे वळून पाहिलं. माझ्या दारासमोर, ब्लॉकवर दोन चाकं चढवून, एक पांढरी गाडी उभी होती. कोणाची ते मलाही माहीत नव्हतं. सिस्टरांनी मान हलवली आणि काच वर केली.

टॅक्सी दिसेनाशी झाली तरी मी तिथेच, रस्त्याच्या मधोमध उभा होतो. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मी मुकाट्यानं बाजूला झालो.